ॲल्युमिनियमचा सांधा : घरगुती साधनें व त्यांची मर्यादा

अलीकडे बाजारांत व मोबाईलवरील जाहिरातींत एक कांडी विकावयास येत असते. यंत्र नको, वीज नको, कारागीर नको. साध्या गॅसच्या बत्तीनें ॲल्युमिनियम घरच्याघरीं 'वेल्ड' करा, असा तिचा डांगोरा असतो. जाहिरातींतील चलच्चित्रांत एक मनुष्य पेयाच्या रिकाम्या डब्यास पडलेलें भोंक दोन क्षणांत बुजवून दाखवितो, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं, कारखानदारांनीं आजवर मोठमोठीं यंत्रें उगाच घेऊन ठेविलीं. ती कांडी विकत घेऊन घरीं प्रयोगास बसणाऱ्याचा अनुभव पुष्कळदां निराळा येतो. कांडी वितळते, तिचे थेंब अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणें पत्र्यावरून घरंगळतात, आणि सांधा म्हणून जें कांहीं उरतें तें थंड झाल्यावर नखानें निघून येतें. मग दोष कांडीचा, विकणाऱ्याचा कीं करणाऱ्याच्या हाताचा, असा वाद सुरू होतो. आमच्या मतें दोष या तिघांपैकीं कोणाचाही असो, त्याच्या मुळाशीं अज्ञान आहे. आणि तें अज्ञान एका अत्यंत पातळ, डोळ्यांस न दिसणाऱ्या सालीविषयींचें आहे.

हा धातु आपल्याकडे फार जुना नाहीं. १८८४ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टनच्या स्मारकावर ॲल्युमिनियमचें टोक बसविण्यांत आलें, तेव्हां तो इतका दुर्मिळ होता कीं, तें टोक अगोदर लोकांस पाहण्यासाठीं मांडून ठेविलें होतें. दोनच वर्षांनीं, १८८६ सालीं, अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोघां तरुणांनीं एकमेकांची वार्ता नसतां विजेच्या साहाय्यानें तो काढण्याची एकच रीत शोधिली, आणि त्याचें मोल भराभर उतरलें. मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटरटन यांनीं १८९८ सालीं ॲल्युमिनियमचीं भांडीं करण्याचा उद्योग चालू केला. केरळांतील अलवाये येथें १९४३ सालीं हा धातु देशांतच काढला जाऊं लागला. आपल्या घरांतील बायकामाणसांनीं त्यास 'जर्मन' हें नांव दिलें तें आजही खेड्यापाड्यांतून ऐकूं येतें. आज त्याच्यावांचून घर नाहीं. खिडकीची चौकट, शिडी, पंख्याचीं पातीं, कढई, कुकर, स्कूटरच्या एंजिनाचें आवरण, दुकानावरील पाटीची पट्टी, जेथें पाहावें तेथें तोच.

पण येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. तांब्यापितळेबरोबर तांबट आला, लोखंडाबरोबर लोहार आला, सोन्याबरोबर सोनार आला. हंडा गळूं लागला तर तो झाळून देणारा माणूस पेठेंत बसलेला असे. डाख कशाचा करावा, टांकणखार किती घालावा, नवसागर केव्हां टाकावा, हें त्यास बापाकडून मिळालेलें असे. ॲल्युमिनियम मात्र कारखान्यांतून एकटेंच आलें. त्याच्या मागून कोणती जात आली नाहीं, कीं त्याच्या नांवानें कोणती आळी वसली नाहीं. कित्येकांस ही उणीव वाटेल. आम्हांस ती सोय वाटते. ज्या विद्येवर कोणाचा वंशपरंपरागत हक्क नाहीं, ती कोणीही शिकावी. आणि जी बापाकडून मिळणें शक्यच नाहीं, ती समजून घेऊनच शिकली पाहिजे. नुसता हात पाहून ती येत नाहीं. तांबटाचीच रीत येथें लावावी म्हणाल तर तीही लागूं पडत नाहीं. टांकणखार वितळावयास ७४० अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांसच पाणी होऊन जातें. म्हणजे औषध अंगीं लागण्यापूर्वींच रोगी संपलेला असतो. (अंश सर्वत्र सेंटिग्रेडचे समजावे.)

आतां त्या सालीकडे वळूं. लोखंड गंजतें हें आपण पाहतों, कारण त्याचा गंज तांबडा असतो व पोपडे धरून गळतो. ॲल्युमिनियमही गंजतें, आणि तेंही इतक्या त्वरेनें कीं, ताज्या कापलेल्या कडेवर गंज चढावयास डोळ्याचें पातें लवण्याइतकाही अवकाश लागत नाहीं. परंतु हा गंज बिनरंगी, घट्ट व अतिशय पातळ असतो. एकदां चढला कीं खालच्या धातूस हवा लागूं देत नाहीं, म्हणून गंज तेथेंच थांबतो व वस्तु वर्षानुवर्षें टिकते. जो गुण टिकाऊपणाचा, तोच सांधणाऱ्याचा वैरी. आंतला धातु ६६० अंशांवर वितळतो, पण ही साल वितळावयास २००० अंशांहूनही अधिक उष्णता लागते. परिणाम असा होतो कीं, दोन्ही कडा आंतून पाणी झाल्या तरी प्रत्येकीभोंवतीं तिची पिशवी शाबूत राहते. पाण्यानें भरलेले दोन फुगे एकमेकांस भिडवावे आणि आंतलें पाणी एक होण्याची वाट पाहत बसावें, तशांतला हा प्रकार. ॲल्युमिनियम सांधण्याच्या जेवढ्या म्हणून रीति जगांत आहेत, त्या सर्व ही साल फाडण्याच्या रीति आहेत. कोणी ती खरवडतो, कोणी क्षारानें विरघळवितो, कोणी विजेनें फोडतो.

सालीखेरीज या धातूच्या आणखीही खोडी आहेत. लोखंड तापलें म्हणजे तांबडें होतें, मग नारिंगी, मग पांढरें. लोहार रंग पाहून घण घालतो. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग पालटत नाहीं. क्षणापूर्वीं जसें होतें तसेंच चकचकीत दिसत असतां एकाएकीं ढासळतें व बत्तीखालीं भोंक पडतें. शिवाय उष्णता वाहून नेण्यांत तें पोलादाच्या चौपट चलाख. जेथें बत्ती धरावी तेथली ऊब तें सगळ्या पत्र्यास वांटून देतें. त्यामुळें आरंभीं कांहींच होत नाहीं असें वाटून शिकाऊ मनुष्य ज्योत वाढवितो, सगळा पत्रा सारखा तापतो, आणि मग सगळेंच एकदम हातचें जातें. जुन्या कारागिरांची यावर एक युक्ति आहे. तापवावयाच्या जागीं साबणाची रेघ ओढावी. ती तपकिरी होऊन काळी पडली म्हणजे धातु ३५० ते ४०० अंशांच्या सुमारास आला असें समजावें. जेथें डोळा रंग ओळखूं शकत नाहीं, तेथें दोन पैशांच्या साबणानें साक्ष द्यावी, ही गोष्ट आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते.

ओलाव्याचाही या धातूस मोठा जाच. वितळलेलें ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेंतील हायड्रोजन वायु पोटभर पितें, व गोठतांना तो घाईनें बाहेर टाकूं पाहतें. ज्या बुडबुड्यांस वाट मिळत नाहीं ते आंतच अडकून सांधा जाळीदार करतात. तेल, रंग, घाम, पावसाळी दमट हवा, या सर्वांचा शेवट त्या बुडबुड्यांत होतो.

ज्या कांडीपासून आम्हीं आरंभ केला, ती बहुधा ॲल्युमिनियमची नसतेच. ती मुख्यतः जस्ताची असून तींत थोडें ॲल्युमिनियम मिसळलेलें असतें. हें मिश्रण ३८० ते ३९० अंशांच्या सुमारास वितळतें, म्हणजे पत्रा वितळावयास अजून पावणेतीनशें अंशांचें अंतर राहतें. घरगुती बत्तीनें काम होऊं शकतें तें याच अंतराच्या जोरावर. तेव्हां ही कांडी म्हणजे केवळ फसवणूक आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. ती एक उपयुक्त वस्तु आहे. फसवणूक आहे ती नांवांत. दोन्ही तुकडे वितळून एक झाले म्हणजे तें वेल्डिंग. येथें तुकडे वितळतच नाहींत, मध्यें दुसराच धातु चिकटतो. तांबट याला झाळणें म्हणतो आणि कांडीला डाख म्हणतो. खळीनें भिंतीवर कागद चिकटवावा आणि भिंत बांधली म्हणून मजुरी मागावी, त्यांतलाच हा व्यवहार. व्यापारी वाचकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं ही कांडी खुशाल विकावी, पण 'डाख' म्हणून विकावी. नांव खरें असलें म्हणजे गिऱ्हाईक तिच्याकडून डाखापुरतीच अपेक्षा करील, आणि पुढें जे अपघात व्हावयाचे त्यांतले निम्मे नांवापाशींच थांबतील.

तिनें काम करावयाचें तें असें. प्रथम वस्तु ॲल्युमिनियमचीच आहे ना, हें पाहावें. नळाच्या मुठी, कित्येक कड्याकोयंडे व जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर वरून तसेच दिसतात, पण ते जस्ताच्या मिश्रणाचे ओतीव असतात. हातांत घेतल्यास आकाराच्या मानानें जड लागतात. अशी वस्तु बत्तीखालीं धरली तर कांडी वितळण्याच्या वेळींच वस्तूही वितळून जाईल. उलट, फार हलकी लागली तर ती मॅग्नेशियमची असण्याचा संभव असतो, आणि मॅग्नेशियम पेट घेतें. त्यावर पाणी ओतलें तर आग अधिकच भडकते. एका कोपऱ्यांत घासून व्हिनेगारचा एक थेंब टाकावा. फसफसून बुडबुडे येऊं लागले तर ती वस्तु बाजूस ठेवावी.

मग सफाई. हिचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि चुका होतात त्या बहुतेक येथेंच. तेल व मळ आधीं काढावा, घासणें मागाहून. हा क्रम उलटा केला तर ब्रश तेलच ओरखड्यांत भरून ठेवतो. ॲसिटोननें पुसावें, तें पुरतें वाळूं द्यावें आणि बाटली बत्तीपासून दूर नेऊन ठेवावी. मोटारीचे ब्रेक धुवावयाचे कांहीं फवारे क्लोरीनयुक्त असतात. ते येथें वापरूं नयेत, कारण विजेच्या ज्योतीजवळ त्यांपासून फॉस्जीन नांवाचा प्राणघातक वायु होतो. नंतर स्टेनलेस पोलादाच्या तारांच्या ब्रशानें जागा घासून ताजी करावी. हा ब्रश ॲल्युमिनियमसाठींच निराळा ठेवावा, लोखंडावर त्याचा हात फिरूं देऊं नये. खिडक्यांच्या रंगीत किंवा धुरकट चौकटींवर कारखान्यांतच विजेनें मुद्दाम जाड साल चढविलेली असते. तेथें ब्रशानें भागत नाहीं, कानशीनें उघडा धातु लागेपर्यंत घासलें पाहिजे.

तुकडा भट्टीच्या विटेवर ठेवावा; लोखंडी ऐरणीवर ठेवल्यास ऐरणच सगळी उष्णता पिऊन टाकते. बत्ती पत्र्यावर फिरती धरावी, कांडीवर धरूं नये. कांडी ज्योतीनें वितळतां कामा नये, ती पत्र्याच्या उष्णतेनें वितळली पाहिजे. ज्यांचे थेंब अळवाच्या पानावरील पाण्यासारखे पळतात, त्यांनीं बहुधा कांडी ज्योतींत धरलेली असते व पत्रा खालीं थंडच राहिलेला असतो. आतां थेंब पसरला, म्हणजे काम झालें असें मुळींच नाहीं. खरें काम याच क्षणीं सुरू होतें. त्या वितळलेल्या जस्ताच्या थारोळ्यांत स्टेनलेसची टोंकदार तार बुडवून खालचा पत्रा खरवडावा. थारोळ्याच्या खालीं हवा पोंचत नाहीं; तेथें फाटलेली साल पुन्हां धरत नाहीं, आणि जस्त उघड्या धातूस जाऊन भिडतें. जाहिरातींतील मनुष्य कांडी इतकी मागेंपुढें कां घासत असतो, याचें उत्तर हें आहे. तो हात साफ करीत नसून साल फाडीत असतो. दोन्ही तुकड्यांवर असें अस्तर चढलें म्हणजे ते जुळवून पुन्हां तापवावे, हवी तर आणखी थोडी कांडी द्यावी, आणि गार होईपर्यंत हात लावूं नये. पाणी ओतून निवविण्याची घाई तर करूंच नये. कडेस कड भिडविण्यापेक्षां एक पत्रा दुसऱ्यावर बोटभर चढविला तर सांधा कितीतरी बळकट होतो, कारण डाखास धरावयास जागा मिळते.

पाटीची चौकट, खिडकीची तुटलेली खुंटी, दिव्याचें आवरण, पेटीचा कोपरा, असल्या कामांस हा डाख उत्तम. कोंकणच्या खाऱ्या हवेंत मात्र त्याचें आयुष्य कमी. जस्त व ॲल्युमिनियम एकत्र भिजलीं म्हणजे जस्त आधीं झिजतें. आणखी एक सूचना कारागिरांसाठीं. जी जागा मागेंपुढें खऱ्या वेल्डिंगनें सांधावयाची आहे, तिला ही कांडी लावूंच नये. जस्त ९०७ अंशांस उकळतें. वेल्डिंगच्या ज्योतींत त्याची वाफ होऊन नवा सांधा नासतो व तडकतो.

खऱ्या वेल्डिंगचीं साधनें याहून मोठीं. ऑक्सिजन व ॲसिटिलीनच्या ज्योतीनें, साल विरघळविणारा क्षार लावून, ॲल्युमिनियम चांगलें सांधतां येतें. तो क्षार क्लोराईड व फ्लोराईड यांचा असल्यामुळें काम होतांच गरम पाणी व ब्रश यांनीं धुवून काढावा लागतो, न धुतल्यास तो सांध्यालाच खात बसतो. साध्या विजेच्या वेल्डिंग यंत्रास लावावयाच्या ॲल्युमिनियमच्या कांड्याही मिळतात. त्या लोखंडाच्या कांड्यांपेक्षां फार भराभर जळतात, हवेंतील ओल ओढून घेतात, आणि ३ मिलिमीटरहून पातळ पत्र्यावर त्यांनीं काम करणें म्हणजे भोंकें पाडण्याचा अभ्यास करणें होय. जाड ओतीव वस्तूस अगोदर शेक देऊन त्या वापरल्या तर काम निभतें.

तिसरी रीत वायूच्या आवरणाखालील विजेच्या ज्योतीची, जिला बाजारांत 'टिग' म्हणतात. अमेरिकेंतील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यांत रसेल मेरेडिथ यांनीं ती मॅग्नेशियमसाठीं बसविली व १९४२ सालीं तिचें पेटंट त्यांस मिळालें. हींत टंगस्टनच्या सुईपासून ज्योत निघते व भोंवतीं आर्गॉन वायूचा पडदा असतो. या रीतीसंबंधानें विकत घेणाराची जी फसगत होते ती येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लहान इन्व्हर्टर यंत्रें आतां स्वस्त झालीं आहेत व त्यांतील पुष्कळांवर 'टिग' असें छापलेलें असतें. परंतु तीं एकदिश वीज देतात. ॲल्युमिनियमला हवी उलटसुलट वाहणारी वीज, म्हणजे एसी. वीज एका दिशेनें जाते तेव्हां धातु तापतो. उलट फिरते तेव्हां साल फुटते. नेहमीच्या जोडणींत एकदिश यंत्र तापविण्याचें अर्धें काम करतें आणि साल फोडण्याचें अर्धें तसेंच टाकतें. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं यंत्रावर एसी टिग आहे काय, एवढा एक प्रश्न विचारावा. दुकानदारानें उत्तराऐवजीं सवलत सांगितली, तर काय समजावयाचें तें समजावें.

भरणीची कांडीही सारासार पाहून घ्यावी. खिडक्यांच्या पट्ट्यांची जात अशी आहे कीं, भरणीवांचून नुसत्या कडा वितळवून सांधल्यास ती थंड होतांना मधोमध तडकते. ५ टक्के सिलिकॉन असलेली कांडी घातली म्हणजे तडकत नाहीं. विमानांत वापरतात त्या तांबें व जस्त मिसळलेल्या कित्येक कणखर जाती अशा सांध्यास मुळींच वश होत नाहींत.

येथवर काय करावें तें झालें. काय करूं नये, यासंबंधानें आम्ही अधिक आग्रहानें लिहितों, कारण येथें प्रश्न भांड्याचा नसून माणसाच्या जिवाचा आहे. गल्लींतील दुरुस्तीवाल्याकडे कुकर न्यावा आणि त्यानें 'शेठ, वेल्डिंग मारून देतों' म्हणून पन्नासशंभर रुपयांत भोंक बुजवून द्यावें, ही वहिवाट आपल्या गांवांतून सर्रास आहे. आतां हिशेब पाहा. शिटी वाजण्याच्या सुमारास कुकरांतील वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षां दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलो अधिक असतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचें क्षेत्र ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे तें झाकण सुमारें ३१४ किलो भारानें वर ढकललें जात असतें. तीन क्विंटलांहून अधिक भार, तो दिवसांतून दोनदां, आणि समोर उभी घरांतील बाई, पायाशीं मूल. आंतील पाणी १२० अंशांच्या सुमारास तापलेलें. सांधा सुटला तर त्यांतील कांहीं भागाची एका क्षणांत वाफ होते. जस्ताचा डाख ३८० अंशांस वितळतो खरा, पण १०० अंशांच्या वर त्यावर सतत ताण राहिला तर तो न वितळतांच हळूहळू ओघळतो व ताणला जातो. आज टिकला म्हणून महिन्यानें टिकेल, याला आधार कांहीं नाहीं. २०२० सालच्या सरकारी आदेशानें घरगुती कुकरवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह सक्तीचें केलें. तें चिन्ह ज्या भांड्यास दिलें, त्या भांड्यास भोंक पडून तें बुजविल्यावर तें भांडें तेंच राहत नाहीं, हें उघड आहे.

यावर आम्हांस असें सांगण्यांत येईल कीं, 'संपादक, तुमचें म्हणणें पैसेवाल्यांस ठीक. ज्याचा आठवड्याचा हिशेब कुकरच्या किंमतीनें कोलमडतो, त्यानें काय करावें?' हा आक्षेप खरा आहे आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु कुकरचें जें बिघडतें तें बहुधा भांडें नव्हेच. रबराची कडी, शिटी, सुरक्षेची झडप, मूठ हेच भाग आधीं जातात, आणि हे सर्व त्याच बनावटीचे नवे आणून बदलतां येतात. तें काम दुरुस्तीवाल्यानें अवश्य करावें, त्याची मजुरी अवश्य घ्यावी. भांड्याचें पोटच फुटलें असेल, तर झाकण काढून टाकून त्याचें धान्याचें माप करावें किंवा तें भंगारांत घालावें. ॲल्युमिनियमच्या भंगारास पैसे येतात. गरिबास स्वस्त वस्तु मिळावी, हें आम्हांसही मान्य आहे. स्वस्त मरण मिळावें, असें मात्र कोणीही म्हणणार नाहीं.

हाच विचार शिडीस, सायकलीच्या सांगाड्यास व मोटारीच्या चाकास लागूं करावा. वेल्डिंग कितीही उत्तम झालें तरी उष्णतेनें सांध्याशेजारच्या पट्टींतील कस उतरतो. कणखर केलेल्या पट्ट्यांत तो जवळजवळ निम्मा होतो. पेट्रोलच्या टाकीस तर घरीं हात लावूं नये. रिकामी दिसणारी टाकी वाफेनें भरलेलीच असते. चोहोंकडून बंद असलेली पोकळ नळी तापविण्यापूर्वीं तिला एक बारीक भोंक पाडावें, नाहीं तर आंतील हवा फुगून ती फुटते. स्वयंपाकाच्या भांड्यास आंतून जस्ताचा डाख देणेंही योग्य नव्हे, कारण चिंच, कोकम व ताक यांच्या आंबटपणांत जस्त उतरतें व पोटांत गेल्यास ओकाऱ्या होतात.

करणाऱ्यानें स्वतःचाही विचार करावा. विजेची ज्योत नुसत्या डोळ्यांनीं पाहिली तर त्या वेळीं कांहीं वाटत नाहीं. मध्यरात्रीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखें होऊन माणूस तळमळतो, आणि घरचीं माणसें बटाट्याच्या चकत्या बांधतात. चकत्यांनीं गारवा येतो, पण झालेली इजा भरून निघत नाहीं. काळी कांच मालकाच्या तोंडावर आणि हाताखालचा पोरगा मान फिरवून तुकडा धरून उभा, हें दृश्य आम्हांस कोणत्याही पेठेंत पाहावयास नको आहे; कांच दोघांस हवी. जस्त फाजील तापून पांढरा धूर निघूं लागला तर बत्ती काढावी. तो धूर छातींत गेल्यास संध्याकाळीं हिवतापासारखी थंडी भरून येते. क्षाराचा धूर त्याहूनही वाईट. म्हणून काम उघड्यावर किंवा वारा खेळता असेल तेथेंच करावें. घरगुती सिलिंडरांतील गॅस स्वयंपाकाखेरीज अन्य कामास वापरणें २००० सालच्या आदेशान्वयें बेकायदा आहे, म्हणून लहान डब्याची बत्ती निराळी घ्यावी.

ज्यांस ही विद्या पुरती शिकावयाची असेल त्यांच्यासाठीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आणि तेथें आपले सुशिक्षित तरुण अधिक संख्येनें दिसावे अशी आमची इच्छा आहे. ज्यांस घरापुरतेंच शिकावयाचें आहे, त्यांनीं चांगल्या वस्तूवर हात टाकण्यापूर्वीं भंगारवाल्याकडून खिडकीच्या पट्टीचे वीस तुकडे आणावे व दोन दोन सांधून पाहावे. सांधलेली जोडी शेगड्यांत घट्ट धरून हातोड्यानें मोडावी आणि मोडलेली कड उन्हांत धरून पाहावी. कड गुळगुळीत व चकचकीत निघाली, तर डाख चिकटलाच नव्हता, साल फाटली नव्हती. सुईच्या अग्राएवढीं काळीं भोंकें दिसलीं, तर सफाई कमी पडली किंवा ओल होती. डाख मध्येंच फाटून दोन्ही तुकड्यांवर खरखरीत चिकटून राहिला असेल, तर अकरावी जोडी चांगल्या वस्तूची घ्यावयास हरकत नाहीं.